जाळ्यांच्या खोलीतली हळद

दिपेशला बोट लागते. डहाणूच्या बाजारातल्या एखाद्या चिकूवाल्याने स्वतःबद्दल असं सांगितलं असतं तर कुणी मनावर घेतलं नसतं. पण दिपेश आगरचा, मच्छीमाराच्या घरातला. त्या वस्तीत पोर धड उभं राहायच्या आधी होडीत बसतं. सोळाव्या वर्षी भिकूकाकाने, म्हणजे त्याच्या मावशीच्या नवऱ्याने, त्याला पहिल्यांदा बोटीवर नेलं. खाडीचं तोंड ओलांडताच दिपेशने जे पोटातलं बाहेर काढायला सुरुवात केली, ते परत किनारा दिसेपर्यंत. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी खलाशांनीच हात जोडले आणि म्हणाले, "काका, याला घरी ठेव, मासे पलतात." गावाने पुढची वीसेक वर्षं एवढ्या एका गोष्टीवर आपली करमणूक करून घेतली.

त्याची आई गंगी तो पाच वर्षांचा असताना तापाने गेली. बाप त्याआधीच कामाला म्हणून मुंबईकडे गेला होता, तो तिकडचाच झाला. गंगीची थोरली बहीण वेणू शेजारच्याच घरात राहायची. तिने फार विचार केला नाही. दिपेशला उचलून आपल्या तीन पोरांच्या पंगतीत चौथं ताट मांडलं. तेव्हापासून तो त्या घरचा.

वेणूमावशी डहाणूच्या बाजारात मासे विकते. तिचा आवाज मोठा आहे म्हणणं म्हणजे समुद्राला ओला म्हणणं. पण बाजारातला आवाज वेगळा आणि हळदीतला वेगळा. आगरात कुणाच्याही घरी हळद असली की पाटासमोर पहिली वेणूमावशी बसायची. ती एक ओळ सोडायची आणि बाकीच्या बायका ती झेलून परत द्यायच्या. चाळीस वर्षं हे चाललं होतं. गाणी कुठे लिहिलेली नव्हती. ती मावशीजवळ होती एवढंच सगळ्यांना माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं वाटत होतं.

दिपेश जमिनीवर राहिला आणि कॅसिओ शिकला. एका बँजो पार्टीत तो वाजवायचा. बोर्डीपासून तलासरीपर्यंतची लग्नं, महालक्ष्मीची जत्रा, गणपती, काही सोडलं नाही. मग २०१४ साली त्याने जुना कॉम्प्युटर घेतला, त्याला जोडायची साउंडकार्डाची एक पेटी घेतली, एक माईक, एक हेडफोन, आणि घरात रेकॉर्डिंग करायचं ठरवलं. घरात म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. पुढच्या हॉलमध्ये भिकूकाकाने नुकत्याच चकचकीत लाद्या बसवल्या होत्या. तिथे नुसतं खाकरलं तरी देवळात खाकरल्यासारखं व्हायचं.

खोली त्याला अशीच सापडली. घरामागे जाळी ठेवायची एक अंधारी खोली होती. छपरापर्यंत जुन्या जाळ्यांचे ढीग, दोर, फाटक्या गोधड्या. एकदा तिथे फोनवर बोलताना त्याच्या लक्षात आलं की इथे आवाज घुमत नाही. त्याने टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच संपली. हॉलमध्ये जाऊन वाजवली तर ती चारी भिंतींना शिवून परत आली. पुढे दिपेशकडे जो कुणी घरी रेकॉर्डिंग कसं करू असं विचारायला यायचा, त्याला तो आधी हेच सांगायचा. माईक नंतर घे, आधी घरभर टाळ्या वाजवत हिंड. जिथे टाळी मरेल तिथे बस. आलेला माणूस काहीतरी मशीनचं नाव मिळेल या आशेने आलेला असायचा. टाळ्या ऐकून त्याचं तोंड उतरायचं.

खोली मिळाल्यावर दिपेशला जोर चढला. ढिगातली जाळी उपसून त्याने चारी भिंतींवर दुहेरी-तिहेरी टांगली. आता खारं जाळं पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून घेतं, हे आगरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दिपेशलाही ठाऊक होतं. पण भिंतीला टांगल्यावर ते त्याच्या लेखी जाळं राहिलंच नाही, ते स्टुडिओचं सामान झालं. आषाढात भिंती ओलसर झाल्या आणि श्रावणात माईक कढईतल्या मोहरीसारखा तडतडू लागला. भिकूकाका दारात उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, "तू दर्यावं गेला नायस, तं दर्यालाच घरात आनलास." पाऊस सरल्यावर दिपेशने एकूण एक जाळं गोड्या पाण्यात तीनदा धुतलं, उन्हात वाळवलं आणि मग टांगलं. माईकसाठी स्टीलचा डबा केला, त्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी. काम झालं की माईक डब्यात.

दुसरी चूक पापलेटांची. शेजारच्या स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरायचा, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी तो बंद करावा लागे. एकदा बंद केला आणि चालू करायला विसरला. दुसऱ्या दिवशी मावशीने फ्रिज उघडला, तर विकायची पापलेटं नासलेली. तिने त्या दिवशी काढलेला आवाज माईकने घेतला असता तर माईक गेला असता. तेव्हापासून दिपेश फ्रिज बंद करताना आपल्या मोटरसायकलची किल्ली आत बर्फाच्या खणात ठेवतो. घराबाहेर पडायचं तर फ्रिज उघडावाच लागतो.

आणि तिसरी बांगड्यांची. गावातली एक बाई गायला आली होती. तिच्या हातातला हिरवा चुडा सारखा किणकिणत होता. दिपेश सरळ म्हणाला, बांगड्या काढून ठेवा. नवरा जिवंत असलेल्या बाईला बांगड्या काढ म्हणणारा हा शहाणा! ती उठून गेली आणि मावशीला तिची समजूत घालायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. आता खोलीत एका खिळ्याला चार धुतलेले रुमाल असतात. बांगड्या काढायच्या नाहीत, वरून रुमाल गुंडाळायचा.

राहिला समुद्र. त्याला कोण बंद करणार? पण अष्टमी-नवमीच्या आसपास ओहोटी भर दुपारी येते. पाणी लांब जातं, होड्या खाडीच्या चिखलात बसतात, इंजिनं गप्प होतात, आणि बायका बाजारातून परतलेल्या असतात. म्हणून दिपेश बुकिंग तारखेने देत नाही, तिथीने देतो. तलासरीच्या एका बँजोवाल्याला त्याने "नवमीला ये" म्हणून सांगितलं, तर तो बिचारा नारळ आणि उदबत्ती घेऊन आला. त्याला वाटलं, काही पूजा आहे.

असं तीन वर्षं चाललं. दिपेश अडतीसचा झाला. लग्न झालं नव्हतं. एकदा ठरलं होतं, पण मुलीच्या चुलत्याने विचारलं की मुलगा बोटीवर कुठल्या कामाला असतो. भिकूकाका खोटं बोलला नाही. त्यानंतर मावशीने आणखी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला, मग तिचंही टाकणं कमी झालं. दिपेश या विषयावर हसायचा, म्हणून लोकांना वाटायचं की त्याला काही वाटत नाही.

२०१७ च्या नवरात्रात मावशीच्या गळ्यावरची गाठ डोळ्यांना दिसायला लागली. होती ती आधीपासूनच, पण ती पदराखाली झाकायची. दिवाळी आटोपल्यावर दिपेश आणि मावशीची नात हेमाली तिला वापीला डॉक्टरकडे घेऊन गेले. हेमाली मावशीच्या थोरल्या मुलाची मुलगी, डहाणूला कॉलेजात शिकणारी, घरातली सगळी कागदपत्रं तिच्याच हातात. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, पण मोठी झाली आहे, काढायला हवी. आवाजाची नस तिला अगदी खेटून आहे. जिवाला धोका नाही, आवाज मात्र थोडा बसू शकतो.

"भाव सांगता येल ना?" मावशीने विचारलं. "बाजारात वरडायला लागतं."

"बोलता येईल," डॉक्टर म्हणाले.

"मंग झालं."

गाण्याचं तिने विचारलं नाही. दिपेशच्याही तोंडून तो प्रश्न निघाला नाही. परतीच्या गाडीत तो खिडकीतून बाहेर बघत बसला आणि मनात तिथ्या मोजत राहिला. ऑपरेशन त्रिपुरी पौर्णिमेच्या आधी दोन दिवस. म्हणजे कार्तिकातली अष्टमी आणि नवमी, एवढ्या दोनच दुपारी हाताशी होत्या. तीन वर्षांत त्याने गावोगावचे आवाज घेतले होते, आणि मावशी घरातली म्हणून तिचं राहून गेलं होतं. याची त्याला मनापासून लाज वाटली.

मावशीने आढेवेढे घेतले नाहीत. अष्टमीला दुपारी जेवून, स्वच्छ लुगडं नेसून ती जाळ्यांच्या खोलीत आली. दिपेशने सगळी तयारी केली होती. फ्रिज बंद, पंखा बंद, किल्ली बर्फात. गोधड्या घातलेल्या कोपऱ्यात खुर्ची. माईक तोंडापासून एक वीत लांब आणि किंचित बाजूला, म्हणजे श्वासाचे फटके त्यावर बसू नयेत. मधे गोल कड्यावर ताणून बसवलेला मच्छरदाणीचा तुकडा. त्याने मावशीच्या बांगड्यांना रुमाल बांधला, कानांवर हेडफोन चढवला आणि त्यात ठेका चालू केला. गाणं एका लयीत आलं तर नंतर ढोलकी भरता येईल, असा त्याचा बेत.

मावशीने एक ओळ म्हटली आणि थांबली. दुसरी म्हटली, परत थांबली.

"काय झालं?"

"जबाब कोन देल?"

"बाकीच्या बायकांचा आवाज मी नंतर घालतो, मावशी. तू म्हणत जा."

"जबाब नंतर येतो काय रे?" तिने हेडफोन काढून हातात धरला. "आनि ह्या कानात कोन टकटक करतंय? मना वाटतं, कोनतरी दार वाजवतंय."

दिपेशने ठेका काढला आणि पुन्हा प्रयत्न केला. पण रिकामे हात मांडीवर घेऊन, भिंतीकडे तोंड करून गाणारी वेणूमावशी म्हणजे वेणूमावशीच नव्हती. आवाज बारीक येत होता, शब्द पाठ म्हटल्यासारखे. शिवाय प्रत्येक गाण्यात नवरा-नवरीच्या नावाची जागा आली की ती अडायची. दीड तास गेला. खाडीत पाणी चढायला लागलं आणि पहिलं इंजिन सुरू झालं. मावशी गुडघ्यांवर हात ठेवून उठली.

"नसल होत तं राहू दे, दिप्या," ती म्हणाली. "जमना हाय, बाकीच्या हायत. कोनतरी बोलल."

तिने हे अगदी सहज म्हटलं. ती गेल्यावर त्याने झालेलं सगळं पुन्हा ऐकलं. कुठे बटण चुकलं नव्हतं. आवाज स्वच्छ होता, खरखर नव्हती, आवाज किती चढला ते दाखवणारा काटा हिरव्या दिव्याच्या पुढे कुठे गेला नव्हता. आणि ते सगळं फुकट होतं. उद्याची एक दुपार उरली होती. रेकॉर्डिंग म्हणजे आवाज नीट घेणं, असं तो तीन वर्षं लोकांना सांगत आला होता. माणसाला नीट बसवणं आधी येतं, हे त्याला घरच्या बाईने शिकवलं.

नवमीला त्याने खुर्ची बाहेर काढली. जमिनीवर गोधड्या अंथरल्या. शेजारच्या जमनाकाकूला बोलावून आणलं. तीस वर्षं मावशीच्या ओळी झेलणारी हीच. दोघींना समोरासमोर बसवलं, माईक मधे, पण मावशीकडे जरा कललेला. हेडफोन फक्त त्याच्या स्वतःच्या कानांवर. मावशीच्या मांडीवर त्याने एक फाटकं जाळं ठेवलं आणि हातात जाळं विणायची सुई दिली. आधी तो सुका जवळा निवडायला देणार होता, पण हेमालीने ताटलीतला जवळा चाळवून दाखवला. त्याची खसखस गाण्यावर गेली असती. जाळ्याचा दोरा मात्र आवाज करत नाही.

"आता अर्धं मिनिट कुणी काही बोलू नका," दिपेश म्हणाला.

"कोनी गेलं काय?" जमनाकाकू घाबरली.

"कुणी नाही गेलं. रिकाम्या खोलीचा आवाज घेतोय."

"रिकाम्या खोलीला आवाज असतो? ह्याला खरंच बोट लागलीय."

हेमाली तोंडावर हात धरून हसली. दिपेश दर वेळी हे अर्धं मिनिट घ्यायचा. पुढे काही कापावं लागलं, सांधावं लागलं, तर ठिगळ त्याच कापडाचं असावं म्हणून. चौघं गप्प बसली. मग त्याने मान हलवली आणि मावशीने तोंड उघडलं, पण ओळ आली नाही.

"नाव कोनाचं घेऊ?"

हाच खरा अडसर होता. हळदीचं गाणं कुणाच्या तरी नावावाचून चालत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत नाव येतं, मग आईचं, मग पुढची नाती त्याच धाग्याने येतात.

"कुठलंही घे," दिपेश म्हणाला. "देवाचं घे."

"देवांची लग्नं कवाच झाली."

"मग रमेशचं." हा मावशीचा मधला मुलगा.

"त्याला दोन पोरी झाल्या. आता परत हलद लावू?"

जमनाकाकूने हेमालीकडे पाहिलं. हेमाली ताडकन म्हणाली, "माझं नाव नको हां, आज्जी! बाहेर कुणी ऐकलं तर उद्या बाजारात मुलगा कुठला म्हणून विचारतील." आणि ते खरंच होतं. खोलीला जाळी कितीही लावली तरी मावशीचा आवाज तीन घरं ओलांडणार. ज्याचं लग्न ठरलेलं नाही त्याच्या नावाने हळद गायली की गाव मांडव घालून मोकळं होतं.

वेळ चालला होता. पाणी कधीही वळलं असतं.

"दिपेशकाकाचं घे ना," हेमाली म्हणाली. "त्याचं कुणी काही विचारणार नाही."

बोलून झाल्यावर तिलाच कळलं आणि ती लाल झाली. जमनाकाकूने जाळ्यावरचा नसलेला कचरा वेचायला घेतला. दिपेश हसला. त्याला या विषयावर हसायची सवय होती.

"घे माझं," तो म्हणाला. "लवकर घे. पाणी येईल."

मावशीने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. मग सुई जाळ्यात घातली, पहिली गाठ मारली आणि गायला सुरुवात केली.

*पाटावं बाल बसलंय गो, नाव काय बालाचं?*

जमनाकाकूने ओळ परत दिली. आता हा आवाज वेगळा होता. दिपेशने काट्याकडे पाहिलं आणि पेटीवरचं बटण हलकेच मागे घेतलं. मावशीचा आवाज मोकळा झाला की काटा लाल दिव्यापर्यंत जायला वेळ लागत नाही, आणि लाल दिवा लागला की तेवढा आवाज फाटला, तो नंतर कशानेच शिवता येत नाही.

*दिपेश नाव बालाचं गो, बाल हाय कोनाचं?*

अडतीस वर्षांच्या बाळाला जमनाकाकू हसणार होती. तिचे ओठ हललेही. पण ओळ परत द्यायची म्हणून तिने ती दिली, आणि देता देता तिचं हसू गेलं, कारण पुढे काय येणार ते तिला माहीत होतं. दिपेशच्या ते ध्यानात आलं नव्हतं. तो काटा बघत होता.

*बाल हाय गंगीचं गो, पयली हलद कोनाची?*

तेहतीस वर्षं त्या घरात हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही असं काही ठरलेलं नव्हतं, घेतलं जात नव्हतं एवढंच. रेशनकार्डावर, शाळेच्या दाखल्यावर ते लिहिलेलं होतं. पण हेडफोन लावलेल्या माणसाला आवाज कानात येत नाही, डोक्याच्या मधोमध येतो. तिथे त्याच्या आईचं नाव, तिच्या सख्ख्या बहिणीच्या तोंडून, जणू आईच आत्ता हात धुऊन पाटाकडे येते आहे.

*पयली हलद आयची गो, आयच्या दोन हातांची.*

मावशीच्या हातातली सुई थांबली होती. गाणं थांबलं नाही. जमनाकाकू ओळ परत देत राहिली, मावशी पुढे जात राहिली. आई झाली, मावशी आली, मामी आली, शेजारणी आल्या. दिपेशने काट्यावरून नजर काढली नाही. नाक मात्र त्याला आवरलं नाही. ज्या माणसाने तीन वर्षं दुसऱ्यांना साध्या खाकरण्यावरून दटावलं, त्याने चालू रेकॉर्डिंगमध्ये जोरात नाक ओढलं.

त्या दुपारी एकवीस गाणी झाली, सगळी दिपेशच्या नावाची. शेवटचं संपलं तेव्हा खाडीत पाणी भरत होतं. हेमालीने लगेच रेकॉर्डिंगच्या दोन प्रती केल्या. एक कॉम्प्युटरमध्ये, एक वेगळ्या डिस्कवर, आणि ती डिस्क दोन घरं पलीकडे, आपल्या आईबापांच्या घरी नेऊन ठेवली. दिपेशचाच नियम होता तो. एकाच जागी ठेवलेलं रेकॉर्डिंग हे केलेलंच नाही असं धरायचं.

ऑपरेशन नीट झालं. मावशी महिन्याभरात बाजारात गेली. भाव सांगता येत होता, ओरडता येत नव्हतं. आवाज जाडसर झाला आणि वरच्या सुरात गेला की तुटायचा. त्या वर्षीच्या हळदींना जमनाकाकू पुढे बसली. मावशी शेजारी बसून नुसती टाळी धरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, चाळीस वर्षं गायले, आणि किती गायचं? पण घरी आल्यावर ती फाटकं जाळं मांडीवर घेऊन तशीच बसून राहायची, हे दिपेशला दिसायचं. त्याला वाईट वाटायचं, आणि करण्यासारखं काही नसायचं.

बायका दिपेशकडे यायला लागल्या. मावशीची गाणी आमच्या हळदीला दे. देणार कशी? त्यात नवरा दिपेश होता. त्याने नाव कापायचं ठरवलं. एक-एक गाणं घेऊन 'दिपेश' आणि 'गंगी' या दोन जागा तो काढत गेला. पहिल्यांदा तिथे नुसतं कोरं सोडलं, तर वीज गेल्यासारखं वाटलं. ऐकणारा दचकायचा. मग त्याला ते अर्धं मिनिट आठवलं. चौघं गप्प बसली होती त्या खोलीचा आवाज, लांब गेलेला समुद्र, कुणाचा तरी श्वास. तो तुकडा त्याने नावांच्या जागी भरला. आता जागा रिकामी होती पण मेलेली नव्हती, आणि ज्याच्या घरी हळद असेल तिथल्या बायकांनी तिथे आपली नावं घालायची होती.

२०१९ च्या वैशाखात हेमालीचं लग्न ठरलं. मुलगा बोर्डीचा. हळदीच्या दुपारी मावशीच्या अंगणातल्या मांडवात स्पीकर लावला होता. जमनाकाकू पुढे बसली, पण पहिली ओळ तिने सोडली नाही. दिपेशने बटण दाबलं आणि दीड वर्षापूर्वीची वेणूमावशी मांडवभर गायला लागली. नाव काय बालाचं? पुढच्या ओळीत जागा आली आणि सगळ्या बायकांनी एका आवाजात म्हटलं, हेमाली. दुसरी जागा आली, तिथे तिच्या आईचं नाव घातलं, आणि हेमालीची आई हळदीचे हात घेऊन पुढे आली. कुणाला काही शिकवावं लागलं नाही. मावशी पाटाशेजारी बसून होती. आपल्याच ओळी झेलून परत देताना ती पहिल्यांदाच दिसली.

हळद आटोपल्यावर दिपेश मागच्या खोलीत वायर गुंडाळत होता. मावशी आत आली, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. गोधडीवर बसली.

"हे वाटपाचं झालं," ती आपल्या जाडसर आवाजात म्हणाली. "माजं कुटं हाय?"

"तुझं म्हणजे?"

"मी गायलं होतं ते. तुज्या नावाचं."

त्याने कॉम्प्युटर लावला, ते गाणं शोधलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला. या खेपेला तिने तो स्वतःच कानांवर चढवला. डोळे मिटून ऐकत राहिली. गाणं चौथ्या ओळीच्या पुढे गेलं असेल, तेव्हा तिने डोळे उघडले.

"हे कोन नाक वढतंय?"

"मी."

"काढलं नायस?"

"नाही."

"लोकांचं काढतोस."

"लोकांचं काढतो," दिपेश म्हणाला.

तिने पूर्ण गाणं ऐकलं. मग हेडफोन काढला, पुढे वाकली आणि तो त्याच्या कानांवर बसवला. बसवताना तिचे हात हेडफोनवरून घसरून त्याच्या गालांवर आले आणि तिथेच राहिले. ओली हळद गार लागली. तिने ती दोन्ही गालांवर नीट चोळली, वरून खाली, हेमालीला लावली तशी, आणि हात काढून घेतले.

"लाव ते परत," ती म्हणाली.

हेडफोनमधून तिचं बोलणं त्याला नीट ऐकू आलं नसावं, पण त्याने गाणं परत लावलं. बाहेर मांडवातून कुणीतरी त्याला वायर कुठे ठेवली म्हणून हाका मारत होतं. मावशीने दाराकडे मान वळवली, तशी दिपेशने हात वर करून थांब म्हणून खूण केली. खोलीला दार होतं आणि ते बंद होतं, त्यामुळे खूण कुणाला दिसली नाही.